मणक्यातला ‘गॅप’ आणि जिवाला लागलेला घोर

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोरच्या बाकड्यांवर नजर टाकली, तर एक्स-रेची फिल्म गुंडाळून पिशवीत घातलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या बाया आणि कमरेला पट्टा आवळलेली माणसे हमखास दिसतात. दुखण्याचे कारण विचारले तर ते प्रत्येकाला ठाऊक असते आणि ठरलेल्या शब्दांत सांगितले जाते : मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे, नस दबली आहे, गुडघ्यातले वंगण संपले आहे. हे शब्द कधी डॉक्टरांकडून, कधी कंपाउंडरकडून, तर कधी शेजारणीच्या रिपोर्टवरून आलेले असतात आणि एकदा चिकटले की सहसा सुटत नाहीत. त्या बाकड्यावरच्या माणसाला रात्री झोप किती लागते, डोक्यावर बोजा किती आहे, पोरीचे लग्न कुठवर आले, हे मात्र आत गेल्यावर क्वचितच विचारले जाते. अनेकांच्या जुनाट अंगदुखीचा मोठा भाग या न विचारलेल्या प्रश्नांत दडलेला असतो, आणि जोवर आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था ते प्रश्न विचारू लागत नाही, तोवर सुया, गोळ्या आणि पट्टे यांवरचा गरिबाचा खर्च वाया जात राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ‘गॅप’बद्दल, म्हणजे मणक्यांमधील गाद्यांच्या झिजेबद्दल. पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांच्या मणक्यांमधील गाद्यांची झीज सुरू झालेली आढळली आणि ऐंशीच्या घरातील माणसांत हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. गादी फुगून बाहेर आल्याचे चित्रही विशीत ३० टक्क्यांत आणि ऐंशीत ८४ टक्क्यांत दिसले. यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. वयाबरोबर केस पिकतात तशीच ही झीज बहुतेकांना होते. ती काहींना खरोखरच त्रास देते, पण केवळ फिल्मवर दिसली म्हणून तीच दुखण्याचे कारण आहे, असे म्हणता येत नाही. उलट ‘गॅप’ हा शब्द कानावर पडल्यापासून बाई वाकायला घाबरते, भरलेली घागर उचलत नाही, उठता-बसता कमरेवर हात ठेवून जपून हालचाल करते. न वापरलेले स्नायू काही महिन्यांत दुबळे होतात आणि मग जी कळ पूर्वी अधूनमधून यायची ती रोजची होते. शब्दानेही कंबर धरते, हे डॉक्टरांनी आणि आपण सर्वांनीच लक्षात ठेवायला हवे.

वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत जाणारी साधी तार नव्हे, हे विज्ञानाने आता निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्येच असे मांडले होते की मज्जारज्जूत एक प्रकारची फाटके असतात आणि वेदनेचा संदेश किती वर जाऊ द्यायचा, हे ठरवण्यात मेंदूचाही वाटा असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा एकत्रित अनुभव म्हटले आहे, आणि तो ऊतींना झालेल्या प्रत्यक्ष इजेशी निगडित असेल किंवा तशा इजेसारखा भासणाराही असेल, असे स्पष्ट केले आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला जुनाट म्हणतात. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात अशी वेदना हाच मूळ आजार असू शकतो, हेही मान्य झाले आहे. रिपोर्टमध्ये काही सापडले नाही म्हणजे दुखणे खोटे, हा निष्कर्ष त्यामुळे शास्त्राच्या आधाराने कोणालाच काढता येणार नाही.

काळजी स्नायूंपर्यंत पोहोचते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. संकट समोर उभे राहिले की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते, नाडी वाढते, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो, मान ताठ होते. लांडगा आला तर पळण्यासाठी किंवा काठी उगारण्यासाठी ही तयारी फार मोलाची आहे. लांडगा गेला की स्नायू सैल पडतात आणि देह पूर्ववत होतो. बँकेची नोटीस मात्र लांडग्यासारखी निघून जात नाही. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपीझियस या स्नायूवर विद्युत्-नोंदी घेतल्या, तेव्हा हात पूर्ण स्थिर असतानाही निव्वळ मानसिक ताणाखाली तो स्नायू काम करत राहतो, असे दिसून आले. या स्नायूतील काही तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी थांबतात; ताण सतत राहिला तर त्यांना विसावाच मिळत नाही आणि तेच आधी दुखावतात, असा एक सिद्धान्त १९९१ च्या सुमारास मांडला गेला. पाश्चात्त्यांनी त्याला सिंड्रेलाचे नाव दिले आहे. आपल्याकडे थोरल्या सुनेचे नाव अधिक शोभले असते, कारण सर्वांआधी उठून सर्वांनंतर निजणारी बाई कोणती, हे आपल्या घरांत कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

स्नायूंपलीकडेही बरेच घडते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक थोड्या काळासाठी दाह आवरून धरते, पण ताण महिनोन्‌महिने लांबला की शरीर त्या संप्रेरकाला पूर्वीसारखे जुमानत नाही आणि दाहावरचा अंकुश ढिला होतो. आधीच झिजलेल्या सांध्यांना याची झळ अधिक लागते. वेदनेचे संदेश वारंवार येत राहिले की मज्जारज्जूतील पेशी अधिकाधिक संवेदनशील होतात, हे क्लिफर्ड वूल्फ या संशोधकाने १९८३ मध्ये दाखवून दिले. मग साधा स्पर्श किंवा नेहमीची हालचालही बोचू लागते. आणि झोप. गाढ झोप मोडत राहिली तर निरोगी माणसाचेही अंग ठणकू लागते, हे १९७५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. काळजीने झोप उडते, झोप उडाल्याने अंग दुखते, अंग दुखते म्हणून पुन्हा झोप लागत नाही. या चक्राचा आरंभ कुठे झाला, हे काही वर्षांनी खुद्द त्या माणसालाही सांगता येत नाही.

माझी एक मावसबहीण अहमदपूर तालुक्यातील आपले घर आणि शेत नवऱ्यावर सोडून दोन वर्षे लातूरला एका खोलीत राहिली. मुलगा नीटची तयारी करत होता. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात अशा आया किती राहतात, हे तिथल्या कोणत्याही गल्लीत संध्याकाळी चक्कर मारली तर कळते. पहाटे चहा, सकाळी डबा, रात्री मुलगा वाचतो म्हणून आपणही दिवा डोळ्यांवर घेऊन जागे राहणे, आणि दिवसभर त्या दहा बाय दहाच्या खोलीत करण्यासारखे फारसे काही नसणे. शेतात खुरपणीला दिवसभर वाकून कधी न दुखलेला तिचा उजवा खांदा तिथे धरला. हात वर करून वेणी घालता येईना. मानेचा एक्स-रे झाला, गॅप निघाला, पट्टा आला, गोळ्या झाल्या, इंजेक्शनेही झाली. परीक्षा आटोपली त्या आठवड्यात ती मला फोनवर म्हणाली, “अक्का, पोराचा पेपर झाला अन् आठ दिवस खांदा आठवलाच नाही बघ. आता निकालाची तारीख आली, तर काल रातच्यापासून परत धरलाय.” तिने कोणताही शास्त्रीय निबंध वाचलेला नव्हता. तिच्या मणक्यातला गॅप त्या आठ दिवसांत बुजला नव्हता आणि निकालाच्या तारखेला पुन्हा पडलाही नव्हता. एका बाईच्या अनुभवाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण ज्या दवाखान्यांत ती गेली, त्यांपैकी एकाही ठिकाणी ती लातुरात का राहते, एवढा प्रश्नही तिला विचारला गेला नाही, याची खंत मला आजही वाटते.

मराठवाड्यातील ताण हा एखाद्या प्रसंगाचा ताण नाही, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. मृगात आभाळाकडे पाहण्यापासून तो सुरू होतो. पेरले आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचे बियाणे कुठून आणायचे, हा घोर. पीक उभे राहिले तर काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळण्याचा घोर. २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळवून गेला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर उलटेच झाले. अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली आणि नदीकाठच्या जमिनी खरवडून निघाल्या. पीक हाती आले तरी सुटका नसते. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता, आणि अनेक शेतकऱ्यांना आपला माल त्याहून बराच खाली विकावा लागला. वर्षानुवर्षे सतत सावध राहिल्याने शरीराची जी झीज होते, तिच्यासाठी ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये एका सहकाऱ्यासह एक संकल्पना मांडली, जिचा सरळ अर्थ ‘साचत गेलेला भार’ असा करता येईल. कर्जाने कंबरडे मोडले, असे आपण सहज म्हणून जातो. त्या बोलण्यातला देह अलंकारापुरता नाही, असे आता मानायला आधार आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्यही आहे : इथल्या माणसाचे अंग कष्टाने दुखते, त्याला ताणाचे नाव कशाला द्यायचे? बीड जिल्ह्यातील ऊसतोड जोडपे पहाटेपासून कोयता चालवते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रॅक्टर भरते. त्या कमरेला दुखायला काळजीची काय गरज? कष्टांचा वाटा नाकारण्याचा माझा हेतू मुळीच नाही. ते काम माणसाच्या शरीराला झेपण्यापलीकडचे आहे आणि ते हलके झालेच पाहिजे. परंतु कष्ट आणि घोर हे इथे वेगळे काढताच येत नाहीत. दिवाळीच्या आसपास जोडपे गाव सोडते तेव्हा मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असते. हंगामभर ती फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही, तर मजुरी बुडते आणि वर ‘खाडा’ म्हणून दंड लागतो. कमरेत चमक भरलेल्या बाईला विश्रांती हवी असते, पण विश्रांतीच्या प्रत्येक तासाला तिच्या डोळ्यांपुढे खाडा उभा असतो. अशी विश्रांती स्नायूंना विश्रांती वाटत नाही. अमेरिकेत बोईंगच्या कारखान्यातील सुमारे तीन हजार कामगारांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नव्हते त्यांच्याकडून पाठीच्या दुखापतीची तक्रार होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. विमानाचा कारखाना आणि उसाचा फड यांत साम्य शोधणे धाडसाचे ठरेल. तरीही काम किती जड आहे याबरोबरच ते कोणत्या मनःस्थितीत आणि किती मुभेने केले जाते याचाही पाठीशी संबंध असतो, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अंगदुखीमागे ताण आहे असे म्हटले, की ऐकणारा लगेच ‘म्हणजे मनाचे खेळ आहेत’ असे समजतो. आपल्या घरांत सुनेच्या दुखण्याला आधीच ‘कामाचा कंटाळा’ म्हटले जाते. त्यात डॉक्टरांनीच ‘टेन्शन घेऊ नका, काही झालेले नाही’ असे सांगितले, तर तिच्या तोंडावर कायमचे कुलूप पडते. ताणातून येणारी वेदना ही प्रत्यक्ष स्नायूंत, चेतातंतूंत आणि मेंदूत घडणारी गोष्ट आहे आणि ती मोडलेल्या हाडाच्या वेदनेइतकीच खरी आहे, हे वाक्य प्रत्येक आरोग्य केंद्रात मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला देणाऱ्याने समोरच्या माणसाच्या सातबाऱ्यावरचा बोजा एकदा वाचून मग तो द्यावा.

त्याचबरोबर प्रत्येक दुखणे ताणाच्या खात्यावर टाकणेही घातक आहे. दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, पायांतील शक्ती जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर विलंब न लावता तपासणी झालीच पाहिजे. मणक्याचा क्षयरोग (टीबी) आपल्याकडे दुर्मीळ नाही. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहत असतील आणि सुजत असतील, तर तो संधिवात असू शकतो आणि त्याचे औषध लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते. आधी ही तपासणी आणि मग ताणाचा विचार, हा क्रम उलटता कामा नये.

आता उपचारांचे पाहू. अंग दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला सुई मिळाली नाही, तर उपचार झाला असे त्याला वाटत नाही, आणि ही सवय लावण्यात वैद्यकीय व्यवसायाचाही हात आहे. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या सुट्या गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या जातात. त्यांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे खराब होऊ शकतात, विशेषतः उन्हातान्हात कमी पाणी पिऊन राबणाऱ्या माणसाची. सांधेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, अशी शंका घ्यायला पुरेशी जागा आहे, कारण त्या पुड्यांनी चार दिवसांत आराम पडतो आणि काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे, व्यायाम, आणि विचार व वर्तन बदलण्यास साह्य करणारे मानसोपचार यांची त्यांत शिफारस आहे. आपल्या घराघरांत खुंटीला लटकणारा कमरेचा पट्टा आणि वजने लावून ओढण्याचा उपचार सरसकट वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे जे विकत मिळते ते फारसे उपयोगाचे नाही, आणि जे उपयोगाचे आहे ते देणारा माणूस तालुक्याच्या गावी सहजी भेटत नाही. व्यायाम दाखवणारी, आठ दिवसांनी पुन्हा बोलावून चूक दुरुस्त करणारी, ‘वाकलीस तरी मोडणार नाहीस’ असा धीर देणारी व्यक्ती ग्रामीण रुग्णालयात असणे ही चैन नाही. तालुकागणिक किमान एक पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट, ही मागणी मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी रस्त्यांच्या आणि पुलांच्या मागण्यांइतक्याच आग्रहाने लावून धरायला हवी.

शासनाच्या हाती एक साधन आधीच आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्याने मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. मानसिक तणावाखालील शेतकऱ्यांना शोधून समुपदेशन मिळवून देणे, हा त्याचा हेतू. परंतु आपला शेतकरी ‘मला नैराश्य आले आहे’ असे दारात आलेल्या आशाताईला सांगत नाही. चौदा देशांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नैराश्याचे निदान झालेल्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्णांनी दवाखान्यात येण्याचे कारण म्हणून केवळ शारीरिक तक्रारीच सांगितल्या होत्या. त्या केंद्रांत बंगळूरूचाही समावेश होता. दुःख सांगायला लाज वाटते, कंबर दुखते हे सांगायला वाटत नाही. म्हणून आशाताईंनी उदासीबद्दल विचारण्याआधी ‘कुठे दुखते आणि कधीपासून’ हे विचारावे, त्यानंतर झोपेचे विचारावे, आणि मग काळजीचे. या वाटेने गेले तर माणूस बोलतो. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवरही रक्तदाबाच्या रकान्याशेजारी झोपेचा एक रकाना छापायला काही फार खर्च येणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो तिथेच मोठ्या अक्षरांत लावला, तर अंगदुखी घेऊन आलेल्या माणसाच्याही नजरेस पडेल.

समुपदेशनाला मर्यादा आहेत, हे मी मान्य करते. ज्याच्या जिवाला घोर लागला आहे त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे चांगलेच, पण घोर लावणारी कारणे जागच्या जागी ठेवून केवळ श्वास शिकवणे अपुरे आहे. पेरणीपूर्वी हातात पडणारे पीककर्ज, हंगाम उलटण्याआधी मिळणारी विम्याची भरपाई आणि रोज ठरल्या वेळी येणारे नळाचे पाणी, या गोष्टी आरोग्य खात्याच्या कक्षेत येत नसल्या तरी त्यांचा मराठवाड्याच्या पाठीशी आणि गुडघ्यांशी थेट संबंध आहे. ऊसतोड मजुरांच्या बाबतीत तर सुरुवात अगदी लहान गोष्टीपासून करता येईल. दिवंगत लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने त्यांच्यासाठी कल्याण महामंडळ स्थापन झालेले आहे. त्या महामंडळाने कारखाने आणि मुकादम यांच्याशी बोलून एवढे ठरवून घ्यावे की, टोळीतल्या बाईने कंबर धरली म्हणून खोपीवर काढलेला दिवस खाड्यात मोजला जाणार नाही, आणि हंगाम सुरू होण्याआधी ती अट लेखी स्वरूपात तिच्या टोळीला वाचून दाखवली जाईल.